ऑडिओ लावताना पुस्तक बंद

मॅडम, मुलांना इंग्रजी ऐकून समजायला शिकवताना पहिल्याच आठवड्यात पाच मिनिटांचं ऑडिओ लावू नका, मिनिटभराचा तुकडा पुरे. आधी फळ्यावर दोनच प्रश्न लिहा: कोण बोलतंय, कुठे बोलतंय? तीनदा ऐकवा, छापील मजकूर अगदी शेवटी द्या. माझ्या आठवीच्या मुलांना ‘व्हॉट डू यू’ वाचताना लगेच कळायचं. कानावर ‘व्हॉड्यू’ पडलं की सगळे गप्प. शब्द येत होते, पण जोडून बोललेले ओळखू येत नव्हते. मग तेवढंच वाक्य मागे नेऊन पुन्हा पुन्हा ऐकवलं, त्यांच्याकडून म्हणून घेतलं. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा ऑडिओ कार्यक्रम मजकुरासकट मिळतो, पण तो मोठ्या मुलांसाठी ठेवा. आणि स्पीकरचा आवाज स्वतः शेवटच्या बाकावर बसून तपासा. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की तिथे काही म्हणजे काही पोचत नाही.