केंद्राचा अहवाल लिहिण्यापूर्वी

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातील एका केंद्राची, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या एका गटाची, जबाबदारी तुझ्याकडे आली असून शाळांची गुणवत्ता आणि मुलांची कौटुंबिक पार्श्वभूमी यांचा अहवाल पहिल्याच वर्षी करायचा आहे, असे तुझ्या पत्रावरून कळले. हे काम कागदपूर्तीचे समजू नकोस. वरच्या कार्यालयात त्यातील फार तर चार ओळी वाचल्या जातील आणि त्या ओळींच्या आधारे एखाद्या तांड्यावरच्या शाळेविषयी मत बनेल.

तुझ्या केंद्रातील बहुतेक शाळा द्विशिक्षकी आहेत आणि एकेका इयत्तेत चार-पाच मुले आहेत, असे तू लिहिले आहेस. अशा ठिकाणी टक्केवारीवर विसंबता येत नाही. तिसरीत 4 मुले असतील आणि त्यांतील एकाला परिच्छेद वाचता आला नाही, तर 25 टक्के मुले मागे असल्याची नोंद होते. पुढच्या वर्षी ते मूल चौथीत गेले की तिसरीचा निकाल 100 टक्के दिसतो आणि शाळा सुधारली असे मानले जाते, जरी शिकवण्यात तसूभरही फरक पडलेला नसला तरी. म्हणून आधी मुलांची संख्या लिही, टक्केवारी द्यावीच लागली तर नंतर दे, आणि तेच मूल गेल्या वर्षी कुठे होते व आज कुठे आहे, हे दाखवणारा स्तंभ तक्त्यात ठेव. जिल्ह्याच्या आकड्यांशी तुलना करण्याचा मोहही टाळ. ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यातील 30 गावे आणि प्रत्येक गावातील 20 घरे निवडली जातात, त्यावरून जिल्ह्याचा अंदाज येतो, तुझ्या केंद्राचा नाही.

आता मुख्य मुद्दा. तुझ्या भागातील पुष्कळ कुटुंबे मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेऊन दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांकडे निघतात, कोणी सोलापूर-कोल्हापूरकडे, कोणी थेट कर्नाटकात, आणि परत येतात ती मार्च-एप्रिलमध्ये. वर्षाच्या सुरुवातीची पायाभूत चाचणी ती निघण्यापूर्वी होते. वर्षअखेरच्या संकलित चाचणी दोनच्या वेळी मात्र त्यांतील काही मुले आलेली नसतात, आणि जी आलेली असतात त्यांचे पाच महिने उसाच्या फडात, कोपीवर (मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीवर) किंवा धाकट्या भावंडाला सांभाळण्यात गेलेले असतात. दोन्ही चाचण्यांची सरासरी शेजारी ठेवलीस, तर कधी असे दिसेल की शाळेची प्रगती झाली, प्रत्यक्षात मागे पडलेली मुले केवळ गैरहजर असतील. यासाठी दोन्ही चाचण्या दिलेल्या मुलांचा हिशेब वेगळा कर आणि एकच चाचणी दिलेल्या मुलांचा वेगळा. दुसरा गट छोटा असला तरी त्याला अहवालात पूर्ण पान दे. माझ्या मते अहवालाचे सर्वांत मोलाचे पान तेच असेल.

गाव सोडून न जाणारीही काही मुले गावची शाळा सोडतात. ज्यांच्याकडे चार पैसे आहेत ते मुलाला तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालतात. मुलगा गाडीने तिकडे आणि बहीण गावच्या शाळेत, अशी घरे तुला सापडतील. मागे उरलेल्या पटाची, म्हणजे शाळेत नाव असलेल्या मुलांची, पार्श्वभूमी त्यामुळे दरवर्षी बदलत जाते, आणि दहा वर्षांपूर्वीच्या पटाशी आजच्या पटाची तुलना करताना हे स्पष्ट लिहावे लागते. पट कमी होण्याचे सगळे खापर शिक्षकांवर फोडणे त्यामुळेच अन्यायाचे आहे. मुळात जन्मच घटले आहेत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुले, 1.7 आला. अंगणवाडीची नोंदवही मागून घे. पुढच्या तीन वर्षांत पहिलीत किती मुले येणार आहेत, ते तिच्यातून बऱ्याच अंशी समजते.

तांड्यावरच्या मुलांची घरची भाषा गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची बोली, आहे आणि पाठ्यपुस्तक प्रमाण मराठीत आहे, हेही नोंदव. पहिलीतील जे मूल वर्गात गप्प बसते त्याला ‘अप्रगत’ म्हणण्यापूर्वी त्याला प्रश्न कळला होता का, हे शिक्षकांना विचार.

हे सर्व लिहिताना एक धोका संभवतो. गरिबी, स्थलांतर आणि भाषा यांची यादी वाचून कोणी म्हणेल की या मुलांकडून याहून अधिक अपेक्षाच करू नये. तसे वाक्य तुझ्या अहवालातून निघणार नाही, याची काळजी घे. सारख्याच परिस्थितीतील दोन शाळा शेजारी ठेव. एका शाळेतील मुले वाचत असतील आणि दुसरीतील नसतील, तर तिथे शिकवण्याविषयी प्रश्न विचारायलाच हवा, आणि तो तू न संकोचता विचारावास.

दुसरा धोका तुझ्या अहवालातील कमी पट पाहून शाळा बंद होण्याचा. 2017 च्या अखेरीस कमी पटाच्या 1,314 शाळा बंद करण्याचा निर्णय झाला होता, आणि 2023 मध्ये 20 पर्यंत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार पुढे आला. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा मुलापासून 1 किलोमीटरच्या आत हवी. म्हणून शाळेचे नकाशावरचे अंतर न देता पायवाटेचे दे, वाटेत ओढा असेल तर पावसाळ्यात तो किती दिवस अडवतो ते शाळा व्यवस्थापन समितीला विचारून लिही.

अहवाल वर्षअखेरीस द्यायचा असला तरी काम आत्ताच सुरू कर. कोणती कुटुंबे निघणार, कोणते मूल आजी-आजोबांकडे राहू शकेल आणि कोणाला सोबत जावेच लागेल, याची वाडीवार यादी दसऱ्याआधी तयार हवी. राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत जावा आणि जाणाऱ्यांच्या हाती निघण्यापूर्वीच शिक्षण हमी कार्ड, म्हणजे जातील तिथल्या शाळेत बसता यावे यासाठीचे कार्ड, पडावे. कच्चा तक्ता झाला की मला पाठव. मुलांची नावे वगळ, फक्त क्रमांक ठेव.

तुझा हितचिंतक