बार्सिलोनाहून एक दिवस काढून फिगेरेसचं दाली संग्रहालय बघावं का?

तुम्ही लिहिलंय की सोबत आई-बाबा आहेत, घरात चित्रकलेतलं कुणाला फारसं कळत नाही, आणि एका चित्रकारापायी सहलीतला अख्खा दिवस द्यायला मन तयार होत नाहीये. माझं म्हणणं, नक्की जा. चित्रकलेतलं कळत नसेल तर आवर्जून जा.

इथे नुसती ओळीने टांगलेली चित्रं नाहीत. साल्वादोर दाली याच गावचा, जन्म १९०४चा. गावातलं जुनं नाट्यगृह स्पेनच्या यादवी युद्धाच्या अखेरीस जळालं. त्याच्या उरलेल्या भिंतींत दालीने स्वतः लक्ष घालून हे संग्रहालय उभं केलं आणि १९७४ साली ते उघडलं. प्रेक्षक बसायचे तिथे आता उघडं अंगण आहे, रंगमंचावर काचेचा घुमट आहे, आणि त्याच रंगमंचाखाली दालीला पुरलंय.

अंगणात काळी कॅडिलॅक उभी आहे. पाऊस पडतो तो गाडीच्या आत! मग घुमटाखाली रंगमंचावर या. रंगमंचाच्या भिंतीवर भलंमोठं चित्र आहे: दालीची बायको गाला पाठमोरी, खिडकीतून समुद्र बघणारी. लांब जात राहिलात की चौकोनी ठिपके जुळतात आणि अब्राहम लिंकनचा चेहरा दिसतो. लिंकन दिसायला अठरा मीटर लागतात, हे दालीने चित्राच्या नावातच सांगून ठेवलंय. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून तो लगेच दिसतो, पण आई-बाबांना आधी नुसत्या डोळ्यांनी बघू द्या. हॉलिवूडची नटी मेय वेस्ट हिच्या नावाच्या खोलीतही तीच गंमत. खाली सोफा, शेकोटी आणि दोन चित्रं. जिना चढून भिंगातून पाहिलं की ओठ, नाक आणि डोळे. तिथे रांग लागते, पण थांबा.

एवढ्यावर बाहेर पडू नका, ही कळकळीची विनंती. ‘पावाची टोपली’ हे १९४५चं चित्र शोधा. वहीएवढंच आहे. काळोखी पार्श्वभूमी, टेबलाच्या अगदी कडेला वेताची टोपली, तिच्यात पावाचा एक तुकडा. त्यात चमत्कार काही नाही, पण पावाच्या कवचावरचा उजेड इतका खरा आहे की पाय निघत नाही. या माणसाचा हात किती तयार होता हे कळलं की बाकीचे सगळे खेळ वेगळे दिसायला लागतात. माझ्या मते हे संग्रहालयातलं सर्वांत थोर चित्र आहे.

दालीच्या प्रसिद्ध वितळत्या घड्याळांचं मूळ चित्र मात्र इथे नाही, ते न्यूयॉर्कला आहे. आईंना दाली कोण हे सांगायचं असेल तर एअर इंडियाची गोष्ट सांगा. १९६७ साली त्याने आपल्या एअर इंडियासाठी ॲशट्रे घडवली, मोबदल्यात हत्तीचं पिल्लू मागितलं आणि कंपनीने ते खरोखर स्पेनला पोचवलं.

बार्सिलोना सांट्सहून वेगवान गाडी तासाभरात फिगेरेस-विलाफांतला सोडते. साधी गाडी स्वस्त, पण जवळपास दोन तास घेते. तिकीट वेळ ठरवून आधीच काढा, आणि सोमवार असेल तर उघडं आहे ना ते बघून घ्या. दागिन्यांचं दालन त्याच तिकिटात आहे, दार वेगळं, त्यामुळे ते राहून जातं. माणकांचं धडधडणारं हृदय तिथेच आहे. पोर्टलिगातचं दालीचं घर त्याच दिवशी कोंबू नका. तिकडे रेल्वे जात नाही, आत थोड्याथोड्या लोकांनाच सोडतात, आणि आई-बाबांची दमछाक होईल.