वस्तीत पहिल्यांदा जाताना

पहिल्याच भेटीत आहाराचा तक्ता बाहेर काढू नकोस. घरात सामान कोण आणतं, रांधतं कोण आणि सगळ्यांत शेवटी कोण जेवतं, ते आधी विचार. शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात काय उरतं ते बघ.

लहान मुलांचं कुपोषण ओळखायला दंडाचा घेर मोजतात, ती फीत मात्र हाताला बसेपर्यंत घोटून घे. मूल ६ ते ५९ महिन्यांचं, डावा दंड, खांदा आणि कोपराच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडलेला. फीत आवळली की आकडा चुकलाच. ११५ मिलिमीटरच्या खाली भरला, तर समजावत बसू नकोस, लगेच उपचाराला पाठव.

मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ, हे नुसतं सांगून भागत नाही. चमचा त्यांच्याच हातात दे, रोजचं मोजू दे. मग महिन्याभराने परत जा, नक्की जा.