बर्कलीसाठी फ्लॅट तारण ठेवू का?

प्रश्न : मुलीला रसायनशास्त्रात संशोधन करायचं आहे. तिला अमेरिकेत बर्कली विद्यापीठात आणि आयोवा राज्यातल्या ग्रिनेल कॉलेजात प्रवेश मिळालाय. ग्रिनेलची आर्थिक मदत धरून आम्हाला वर्षाला 17 हजार डॉलर पडतील. बर्कलीची मदत नाही, पण फ्लॅट तारण ठेवून कर्ज काढायची माझी तयारी आहे. ती ग्रिनेलवर अडून बसली आहे. साडूंचा मुलगा तिथल्याच पर्ड्यू विद्यापीठात आहे. ग्रिनेल म्हटलं की सगळे ‘कुठलं?’ विचारतात. तिची समजूत कशी घालावी? तोवर दोन्हीकडे डिपॉझिट भरून ठेवू का?
– एक पालक, नाशिक

उत्तर : पत्रात फ्लॅट आहे, साडू आहेत, साडूंचा मुलगाही आहे. मुलगी ग्रिनेल का म्हणतेय, याबद्दल मात्र चकार शब्द नाही. विचारलंत का तिला? की ‘अडून बसली आहे’ म्हटलं की विषय संपला? सतरा-अठरा वर्षांची मुलगी वडिलांचं घर गहाण पडू नये म्हणून स्वस्त कॉलेज निवडत असेल, तर तेही कळायला हवं. आणि अभ्यास करून निवडत असेल, तर समजूत तुमची घालावी लागेल. बर्कलीचा खर्च वर्षाला 80 हजार डॉलरच्या पुढे जातो. चार वर्षांचे अडीच कोटींहून जास्त. एवढ्या कर्जाखाली शिकणारी मुलगी पीएचडीला जात नाही, मिळेल ती नोकरी धरते. म्हणजे ज्या संशोधनासाठी हा खटाटोप, तेच आधी सुटणार.

‘संशोधन मोठ्या विद्यापीठातच होतं’ हा समज बऱ्याच घरांत असतो. होतं, पण कोणाच्या हातून? बर्कलीत पहिल्या वर्षाला रसायनशास्त्राचा वर्ग काहीशे मुलांचा असतो, आणि प्रात्यक्षिकं बहुतेक वेळा पीएचडी करणारे विद्यार्थी घेतात. प्रयोगशाळेत जागा मिळते, पण धडपड करून, त्यांच्या मागे उभं राहून. ग्रिनेलमध्ये सगळे मिळून विद्यार्थी सतराशेच्या आसपास, आणि पीएचडीचे विद्यार्थी नाहीतच. त्यामुळे प्राध्यापकांना हाताखाली पदवीचीच मुलं घ्यावी लागतात. थॉमस चेक ग्रिनेलमधून 1970 साली बाहेर पडले, पीएचडी त्यांनी बर्कलीत केली आणि 1989 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. 2020 चं नोबेल मिळवणाऱ्या बर्कलीच्या जेनिफर डाउडना यांची पदवी पोमोना या अशाच छोट्या कॉलेजची. आणि साडूंना सांगायला नाव हवंच असेल, तर इंटेलचे सहसंस्थापक रॉबर्ट नॉइस ग्रिनेलचेच.

ग्रिनेलची अडचण वेगळी आहे. गाव दहा हजारांच्या आतलं, भोवती मक्याची शेतं, थंडी हाडं गोठवणारी. विषयांचे पर्याय मोजके. तिला इंजिनीअरिंग करायचं असतं, तर मीच ग्रिनेल नको म्हटलं असतं. तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांशी तिला बोलू द्या, तुम्ही शेजारी न बसता.

नोकरीची काळजी असेल, तर शिक्षणानंतर तिथे काम करण्याची मुदत विषयावर ठरते, कॉलेजच्या नावावर नाही. रसायनशास्त्राला दोन्हीकडे ती सारखीच.

दोन्हीकडे डिपॉझिट अजिबात भरू नका. डिपॉझिट भरणं म्हणजे होकार देणं, आणि होकार एकाच ठिकाणी कळवायचा असतो. दोन्हीकडे कळवल्याचं उघड झालं, तर दोन्ही प्रवेश जाऊ शकतात. मुदत साधारणपणे 1 मेची असते. तोवर कर्जाच्या कागदांवर सही करू नका.