मी गे आहे, जालन्यातल्या चर्चच्या मंडळीत वाढलो. पाळकसाहेबांना सांगू का? प्रभुभोजन (उपासनेतला भाकर-द्राक्षरसाचा विधी) बंद होईल?

राहणं-खाणं घरच्यांवर अवलंबून असेल तर तूर्त थांबा. चर्चच्या कमिटीत गेलेली गोष्ट आपल्याकडे पुढच्या उपासनेआधी घरी पोचते. सांगायचंच असेल तर 'हे कमिटीत आणि घरी जाणार नाही' असा शब्द आधी घ्या, मग तोंड उघडा. कॅथलिक असाल तर कबुलीतलं फादर कुणालाच सांगू शकत नाहीत. फादरच्या ऑफिसातल्या गप्पांना ते कुलूप नसतं.

प्रभुभोजनाचं म्हणाल तर कॅथलिक शिकवण ओढ आणि संबंध वेगळे मानते. संबंधांना ती पाप म्हणते, नुसत्या ओढीला नाही; म्हणून नुसत्या ओढीपायी प्रभुभोजन बंद होत नाही. बाकी मंडळ्यांत बरंचसं पाळकांवर असतं.

समलिंगी संबंधांविरुद्ध बायबलमधल्या सदोमाचा, देवाने नष्ट केलेल्या शहराचा, दाखला येणारच. त्याच बायबलमधलं यहेज्केल १६:४९ उघडा: तिथे दोष गर्वाचा आणि दीनदुबळ्यांना हात न दिल्याचा आहे. ५० व्या वचनात 'अमंगळ' शब्द आहे, तोही वाचून जा, कारण समोरचा तेच काढेल.

'बदलायला' डॉक्टरकडे नेलं तर ठाम नकार द्या. असे उपचार राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलेत. आणि ख्रिस्तावरचा तुमचा विश्वास कमिटीच्या मंजुरीवर नाही, बाप्तिस्म्यावर उभा आहे.