‘ऑपरेटरला समज दिली’ एवढ्यावर एनसीआर का मिटत नाही?

प्रश्न : भोसरीत आमचं छोटं सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचं) शॉप आहे. 25 मिमी शाफ्टच्या लॉटवर ग्राहकाकडून एनसीआर (नॉन-कन्फॉर्मन्स रिपोर्ट, म्हणजे माल ठरल्याप्रमाणे नसल्याची लेखी तक्रार) आला. ‘ऑपरेटरला समज दिली’ असं उत्तर पाठवलं, ते परत आलं. नेमकं काय लिहायचं? बांधकामात आणि औषध कंपन्यांतही असंच चालतं का?

उत्तर : परत येणारच. समज दिल्याने माप बदलत नाही.

आधी माल अडवा. लाल टॅग लावा, कुलपात ठेवा. मग मशीनवरचा, स्टोअरमधला, गाडीत निघालेला आणि ग्राहकाकडे पोचलेला माल मोजा. चारही आकडे रिपोर्टमध्ये हवेत. बहुतेक जण शेवटचे दोन विसरतात.

‘शाफ्ट खराब’ असं लिहू नका. ड्रॉइंगवर 25 एच8 (25 मिमी व्यास, एच8 ही चालणाऱ्या फरकाची खूण) असेल तर हद्द 24.967 ते 25.000 मिमी; मिळालं 24.950, असं लिहा. शाफ्ट जाड असता तर परत टर्निंग करून मापात आला असता, तो रीवर्क. बारीक शाफ्टवर धातू चढवला तर तो रिपेअर, आणि त्याला ग्राहकाची लेखी परवानगी लागते. नाहीतर स्क्रॅप.

आता कारण. इन्सर्ट (धातू कापणारं बदलतं टोक) झिजला की व्यास वाढतो, म्हणून ऑपरेटर ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली मापाची दुरुस्ती) कमी करत जातो. नवा इन्सर्ट बसवला पण जुना ऑफसेट शून्य केला नाही, तर पहिलाच जॉब बारीक निघतो. तुमच्याकडे हेच झालंय का, ते इन्सर्ट बदलल्याच्या नोंदीशी ताडून पाहा. तसं असेल तर इन्सर्ट बदलल्यावर पहिला जॉब मोजून सही झाल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही, असा नियम सेटिंग शीटवरच घाला. दोनतीन इन्सर्ट बदलांतली मापं जोडली की रिपोर्ट बंद करायला मागा.

बांधकामात पंचाईत वेगळी. काँक्रीटची ताकद तपासायला 150 मिमीचे क्यूब (नमुन्याचे ठोकळे) 28 दिवसांनी फोडतात, तोवर वरचा स्लॅबही ओतलेला असतो. कॉलम काही लाल ट्रेमध्ये ठेवता येत नाही! म्हणून क्यूब कोणत्या ओतकामाचा, ही नोंद सगळ्यात मोलाची. शंका आली की किमान तीन कोअर (बांधलेल्या भागातून कापलेले काँक्रीटचे गोल नमुने) काढतात. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे त्यांची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या 85 टक्के तरी हवी, आणि एकही कोअर 75 टक्क्यांखाली नको. एम25 (25 न्यूटन प्रति चौरस मिमी ताकदीचं काँक्रीट) ला म्हणजे 21.25 आणि 18.75.

औषधांत चाचणीचा निकाल हद्दीबाहेर गेला की त्याला ओओएस (आउट ऑफ स्पेसिफिकेशन) म्हणतात. आधी प्रयोगशाळेची चूक शोधायची. ती सापडली नाही तर पास होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासणं चालत नाही. अमेरिकेत बार लॅबोरेटरीज या औषध कंपनीवरच्या 1993 च्या खटल्यात न्यायालयाने हे ठणकावलं.