बिस्मार्कला ‘मुत्सद्दी’ म्हणावे का?

एका शिक्षिकाताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या शाळेत जगातल्या मोठ्या राज्यकर्त्यांची भित्तिपत्रके तयार होत आहेत. हम्मुराबी, पेरिक्लीस, ऑगस्टस, सुलेमान, बिस्मार्क, लिंकन अशी नावे आहेत. मथळा त्यांनी ‘जगातील राज्यकर्ते आणि मुत्सद्दी’ असा ठरवला. त्यावर हिंदी शिकवणाऱ्या बाईंनी हरकत घेतली: मुत्सद्दी म्हणजे कारकून, हिशेबनीस, जर्मन साम्राज्य उभारणाऱ्या बिस्मार्कला कारकून म्हणणे बरे दिसत नाही, ‘राजनेता’ लिहा. ताई विचारतात, बरोबर कोण?

ताई, हिंदीच्या बाई शब्दाच्या कुळाबद्दल बरोबर बोलल्या आहेत आणि तुम्ही मराठीबद्दल. मथळा अजिबात बदलू नका. पण त्यांनी काढलेला मुद्दा फार मोलाचा आहे, कारण एक कारकून मराठीत येऊन राज्याचा सूत्रधार कसा झाला, हे त्यातून कळते. मुळात हा शब्द मला मराठीतल्या सर्वांत सुंदर शब्दांपैकी एक वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मूळ शब्द अरबी, ‘मुतसद्दी’. एखादे काम अंगावर घेऊन त्याला सामोरा जाणारा, म्हणजे त्या कामाचा जबाबदार माणूस. अरबीतून तो फारसीत गेला आणि फारसीच्या बोटाला धरून हिंदुस्थानच्या कचेऱ्यांत आला. आजच्या इराणमध्येही तो रोजच्या वापरात आहे, पण तिथे बँकेच्या खिडकीमागे बसून पैसे मोजून देणारा माणूसही ‘मुतसद्दी’च. मुघल काळात सुरत आणि खंबायत या बंदरांचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याला मुत्सद्दी म्हणत. जकात, जहाजे, व्यापाऱ्यांचे तंटे, सगळे त्याच्याकडे. मारवाडात जोधपूर दरबारी लेखणीवर चाकरी करणाऱ्या घराण्यांचा वर्गच ‘मुत्सद्दी’ म्हणून ओळखला जाई. बंगालमध्ये, विशेषतः चितगावकडे, ‘मुत्सुद्दी’ हे आडनाव आहे. उत्तरेत उच्चार झिजून ‘मुसद्दी’ झाला आणि अर्थ हिशेबनीस, मुनीम एवढ्यावर थांबला. बाई म्हणतात तो हाच अर्थ.

मराठीत मात्र शब्द थांबला नाही, वर चढत गेला. का चढला, ते पाहायचे तर पेशवाईतल्या पुण्याकडे पाहावे. तिथे राज्य कोणाच्या हाती होते? १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, पुढे गादीवर तान्हे मूल आले आणि कारभार ज्यांनी उचलला त्यांतले सर्वांत लांब टिकलेले नाव म्हणजे नाना फडणीस. आता हे ‘फडणीस’ काय आहे? फर्द म्हणजे कागद, हिशेबाचा ताव; नवीस म्हणजे लिहिणारा. चिटणीस, पारसनीस, वाकनीस, सुरनीस ही सगळी त्याच ‘नवीस’ची भावंडे. म्हणजे मराठी राज्याचा सूत्रधार पदाने हिशेब लिहिणाराच होता. साडेतीन शहाण्यांत सखारामबापू, विठ्ठल सुंदर आणि देवाजीपंत हे पूर्ण शहाणे आणि नाना अर्धा, कारण तो तलवारीचा नव्हे, नुसत्या लेखणीचा धनी, अशी आपल्याकडे सांगी आहे. त्या अर्ध्या शहाण्याने पाव शतक राज्य सांभाळले. १८०० मध्ये नाना गेले तेव्हा पुण्यातल्या इंग्रज रेसिडेंटाने, विल्यम पामरने, लिहिले की त्यांच्याबरोबर मराठी राज्यातले सगळे शहाणपण आणि संयम गेला. ज्या समाजाने असे कारकून पाहिले, त्याच्या तोंडी ‘मुत्सद्दी’ शब्दाला वेगळे वजन येणारच.

यात गूढ काही नाही. करार कोणी कोणाशी केला, कोणत्या अटीवर केला, कोणते गाव कोणाला दिले, मागच्या खेपेला समोरच्याने काय कबूल केले होते, हे सगळे दप्तरात असते. दप्तर ज्याच्या हाती, बोलणी त्याच्याच हाती जातात. आमच्या घरी लग्नाच्या बैठका होत तेव्हा मोठी माणसे तक्क्याला टेकून मोठ्या आवाजात बोलत. एक चुलतआजोबा मात्र कोपऱ्यात मांडीवर वही घेऊन यादी लिहीत. मानपान, आहेर, जेवणावळ, कोणाचा खर्च कोणाकडे. वाद पेटला की ते मान वर न करता म्हणत, “असं लिहू का?” आणि वाक्य वाचून दाखवत. दोन्हीकडची मंडळी त्या वाक्यावर येऊन थांबत. घरात त्यांना सगळे मुत्सद्दी म्हणायचे. तो शब्द किती अचूक होता, ते मला त्याची व्युत्पत्ती कळल्यावर उमगले.

आणि हे फक्त आपल्याकडे झाले असेही नाही. उस्मानी तुर्कांच्या दरबारात ‘रईसुल-कुत्ताब’ नावाचे पद होते, अर्थ सरळ ‘कारकुनांचा मुख्य’. वजिराच्या कचेरीतला कागदपत्रांचा प्रमुख. परराज्यांचे खलिते त्याच्याकडून जात-येत, म्हणून हळूहळू परराज्यांशी बोलणेही त्याचे झाले. १६९९ मध्ये युरोपीय राज्यांशी झालेल्या कार्लोवित्झच्या तहात तुर्कांच्या बाजूने बोलणी करायला रामी मेहमेद एफेंदी गेला, तो हाच कारकुनांचा मुख्य, आणि चार वर्षांनी तो साम्राज्याचा वजीरे-आझम झाला. १८३६ मध्ये त्या पदाचे रूपांतर चक्क परराष्ट्रमंत्र्यात केले गेले. मराठीत शब्दाने जी वाट धरली, ती तिकडे पदाने धरली.

युरोपातले शब्द उकलले तरी आत कागद आणि चाकरीच निघते. ‘डिप्लोमॅट’मधला डिप्लोमा म्हणजे ग्रीकमध्ये दुहेरी घडी घातलेला कागद. ‘मिनिस्टर’ म्हणजे लॅटिनमध्ये सेवक. बिस्मार्कचे पद ‘चॅन्सलर’, त्याचे मूळ लॅटिन ‘कान्केल्ली’, म्हणजे न्यायसभेतले जाळीदार कठडे. त्या कठड्यापाशी उभा राहून कामकाज पाहणारा नोकर तो ‘कान्केल्लारिउस’. तेव्हा बाईंना आदराने सांगा की बिस्मार्कला त्याच्या स्वतःच्या देशानेही कठड्याजवळच्या कारकुनाचेच नाव दिले होते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात इजिप्तच्या होरेमहेबचा एक पुतळा आहे. हा माणूस सेनापती, पुढे फेअरो झाला. पण गादीवर येण्याआधी त्याने स्वतःचा पुतळा करवला तो लेखनिकाचा: मांडी घालून बसलेला, मांडीवर पपायरसची गुंडाळी उलगडलेली. सव्वातीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या सेनापतीला लेखणी हाती असणे हा मान वाटत होता. त्या पुतळ्याचा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आपल्याकडचा, बैठकीवर दप्तर पसरून बसलेला चिटणीसच आठवला.

आता खुद्द बिस्मार्क. १३ जुलै १८७० ला प्रशिया या जर्मन राज्याचा राजा विल्हेल्म एम्स या गावी होता. तिथे फ्रेंच राजदूत बेनेदेत्ती त्याला भेटला आणि राजाच्या घराण्यातला कोणीही स्पेनच्या गादीवर बसणार नाही, असे कायमचे वचन मागू लागला. राजाने नकार दिला. या भेटीची तार बर्लिनला आली तेव्हा बिस्मार्क युद्धमंत्री रून आणि सेनाप्रमुख मोल्टके यांच्याबरोबर जेवायला बसला होता. त्याने तारेचा मजकूर कापून आखूड केला, त्यातला मऊपणा काढला आणि वर्तमानपत्रांकडे धाडला. वाचणाऱ्या फ्रेंचांना वाटले आपल्या वकिलाचा अपमान झाला. जर्मनांना वाटले आपल्या राजाचा. १९ जुलैला फ्रान्सने युद्ध पुकारले. पुढच्या जानेवारीत व्हर्सायच्या महालात जर्मन साम्राज्याची घोषणा झाली. एका कागदाची काटछाट करून ज्याने हे घडवले, त्याला ‘मुत्सद्दी’पेक्षा नेमका शब्द मला सुचत नाही. इथे शब्दाचे जुने कूळ आणि नवे मोठेपण दोन्ही एकदमच लागू पडतात.

याच कचेरीतले दुसरे शब्द मात्र खाली उतरले, त्याचे मला वाईट वाटते. ‘कारकून’ म्हणजे फारसीत काम करणारा, कर्ता. मराठी राज्यात कारकून म्हणवणारी माणसे मोहिमांवर जात, परमुलखात बोलणी करत. आज ‘कारकुनी’ म्हटले की रटाळ काम. ‘वकील’ अठराव्या शतकात एका दरबाराने दुसऱ्या दरबारी ठेवलेला प्रतिनिधी होता. पुण्याचे वकील दिल्लीला, हैदराबादला असत. आता तो कोर्टापुरता उरला आणि त्याच्या जुन्या जागी ‘राजदूत’ बसला. एकाच फडावर बसणाऱ्या तिघांपैकी एकटा मुत्सद्दी वर गेला.

आता ‘राजनेता’. हा शब्द वाईट नाही, पण तो हिंदीतून अलीकडे आला आहे आणि त्याचा अर्थ राजकीय पुढारी एवढाच भरतो. कोणत्याही पक्षाच्या कोणत्याही पुढाऱ्याला तो चालतो. बिस्मार्कमध्ये जे वेगळे होते ते त्यात येत नाही. हिंदीशी असलेल्या जवळिकीचा आणखी एक धोका इथेच सांगतो, कारण मुलांच्या लिखाणात तो हमखास येईल. मराठीत ‘राजनैतिक संबंध’ म्हणजे दोन देशांच्या वकिलातींमधले संबंध. हिंदीत ‘राजनैतिक’ म्हणजे राजकीय. हिंदी मजकूर पाहून लिहिणाऱ्या मुलाच्या हातून ‘राजनैतिक पक्ष’ असे उतरते. मराठीत ते ‘राजकीय पक्ष’ हवे.

‘राजकारणी’ हा शब्द आज वाया गेला आहे. जुन्या पत्रांत ‘राजकारण’ म्हणजे गुप्तपणे चाललेली बोलणी, एखादा किल्ला किंवा सरदार आपल्याकडे वळवण्याचा डाव. अमक्या गडाचे राजकारण लागले आहे, असे लिहीत. समर्थांनी दासबोधात हरिकथेच्या मागोमाग दुसरे स्थान राजकारणालाच दिले. आता मात्र ‘तो फार राजकारणी आहे’ हे वाक्य कोणी कौतुकाने म्हणत नाही, त्यामुळे भित्तिपत्रकावर तो नको.

मग लिंकनला काय म्हणावे? त्याच्यासाठी मी ‘राज्यधुरंधर’ सुचवीन. धुर म्हणजे जू. धुरंधर म्हणजे मानेवर जू घेऊन ओढणारा. जुन्या पत्रांच्या मायन्यात ‘राजकार्यधुरंधर’ असे विशेषण येते. चार वर्षे यादवी युद्धाचे ओझे ओढणाऱ्या माणसाला तो शब्द शोभतो. त्याच्यात मुत्सद्देगिरी नव्हती असे मात्र कोणी समजू नये. १८६१ मध्ये त्याच्या नौदलाने ब्रिटिश जहाजावरून बंडखोर राज्यांचे दोन वकील, मेसन आणि स्लाइडेल, पकडून आणले. लोकांनी जल्लोष केला. इंग्लंडशी युद्ध पेटायची वेळ आली तेव्हा लिंकनच्या सरकारने दोघांना गाजावाजा न करता सोडून दिले. ‘मुत्सद्देगिरी’ हा गुण आहे, तो राजातही असू शकतो, राष्ट्राध्यक्षातही. ‘मुत्सद्दी’ ही ओळख म्हणून लावायची तर मात्र ज्याचे मोठेपण मुख्यतः बोलणी आणि कागद यांवर उभे आहे त्यालाच लावावी. फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेराँ याला लावा: नेपोलियन हरल्यावर तो व्हिएन्नाला, युरोपातल्या राज्यांच्या परिषदेला, पराभूत फ्रान्सचा प्रतिनिधी म्हणून गेला आणि जानेवारी १८१५ मध्ये, कालच्या शत्रूंपैकी ऑस्ट्रिया आणि ब्रिटन यांच्याशी गुप्त करार करून बसला. त्याला धुरंधर म्हणायला मात्र माझी जीभ रेटत नाही. त्याने जू कधी मानेवर घेतलेच नाही, एकामागून एक धनी बदलले.

बाकीच्यांचे झटपट सांगतो. हम्मुराबी बाबिलोनचा राजा, त्यात वाद नाही. सुलेमान सुलतान, तुर्क त्याला ‘कानुनी’ म्हणतात आणि तो ‘कानून’ आपल्याही ओळखीचा आहे, मुलांना जरूर सांगा. पेरिक्लीसला राजा कोणीही लिहू देऊ नका. अथेन्समध्ये तो वर्षानुवर्षे मतांनी निवडून आलेला सेनानी होता, ‘लोकनेता’ योग्य. ऑगस्टसला आपण सम्राट म्हणतो ते ठीक, पण एक ओळ जोडा: रोमन लोकांना ‘राजा’ शब्दाची चीड होती, म्हणून त्याने स्वतःला ‘प्रिन्केप्स’, म्हणजे पहिला नागरिक, म्हणवून घेतले आणि सगळी सत्ता त्या साध्या शब्दाआड ठेवली. तुमच्या यादीतला शब्दांचा सर्वांत मोठा मुत्सद्दी खरे तर तोच.

लेखनाचे दोन शब्द. मूळ अरबीत ‘द’वर जोर आहे, तो मराठीने राखला, म्हणून ‘मुत्सद्दी’. ‘मुत्सदी’ नको, ‘मुसद्दी’ तर नकोच. भाववाचक नाम ‘मुत्सद्देगिरी’. विभक्ती लावताना ‘मुत्सद्द्याने’, ‘मुत्सद्द्यांनी’. जोडाक्षर अवघड दिसते म्हणून मुले त्यातला एक ‘द’ गाळतात, तेवढे तपासा. स्त्रीसाठी रूप बदलत नाही. इंग्लंडची पहिली एलिझाबेथ १५५८ पासून राज्य करत होती आणि आपल्या लग्नाची बोलणी तिने वर्षानुवर्षे युरोपच्या दरबारांत झुलवत ठेवली. ती ‘मुत्सद्दी राणी’च. तुमच्या यादीत एकही बाई नाही, तेवढी तिची जागा करता आली तर पाहा.